मध्ये दांडा नको

कातारी मिस्त्रींनी आयुष्यभर पलंगाचे खूर, कठड्याचे खांब आणि बुद्धिबळाची प्यादी कातली होती. इलेक्ट्रॉनशी त्यांचा कधी संबंध आला नव्हता, आणि आला नसता तरी त्यांचं काही अडलं नसतं. तो त्यांच्या कारखान्यात आणला शेजारच्या गल्लीतल्या रसायन शिकवणाऱ्या बाईंनी. बाईंच्या भाचीला जन्मापासून दिसत नव्हतं. पोरगी हुशार, आणि हट्टाने मावशीच्याच विषयामागे लागलेली. जिला आकृत्या दिसत नाहीत तिला रसायन कसं येणार, असं कॉलेजवाल्यांचं म्हणणं होतं. बाईंनी खेटे घालून घालून एक तोंडी परीक्षा पदरात पाडून घेतली होती. त्यात पोरगी नापास झाली की विज्ञानाचं दार बंद. म्हणून पुस्तकातल्या आकृत्या तिला बोटांनी चाचपता येतील अशा लाकडात कातून हव्या होत्या.

"हे काय, फुगे?" बाईंनी पुढे केलेला कागद बघून मिस्त्रींनी विचारलं.

"ऑर्बिटल. अणूमध्ये इलेक्ट्रॉन बहुतेक कुठे सापडेल, त्या जागेचा आकार."

"बहुतेक?"

"नक्की कोणालाच सांगता येत नाही."

"मग आमच्या पॉलिशवाल्याचाच भाऊ म्हणायचा," मिस्त्री म्हणाले आणि चष्मा लावून बसले.

एक गोळा, त्याचं नाव एस. तीन डंबेल, ते पी. एक उभं, एक आडवं, एक समोर येणारं. इथवर ठीक होतं. पुढे बाई सांगायला लागल्या, की कार्बनमध्ये हा एक गोळा आणि ही तीन डंबेलं एकमेकांत मिसळतात आणि त्यांचे चार अगदी सारखे आकार होतात, चार दिशांना तोंड केलेले. त्याला संकरण म्हणतात.

"आणि मूळचे चार?"

"ते राहत नाहीत. चार घातले, चार निघाले."

"भुसासुद्धा पडत नाही?" मिस्त्रींना हे काही केल्या पटेना. त्यांच्या धंद्यात निम्मा माल भुशातच जायचा.

काम मात्र त्यांनी जीव ओतून केलं. हलकं, बारीक रेषांचं लाकूड निवडलं, अगदी बारीक पॉलिश पेपरने घासलं, बोटाला कुसळ लागू नये म्हणून स्वतःच्या गालावरून फिरवून पाहिलं. फक्त एक गोष्ट त्यांनी आपल्या मनाने केली. चित्रातल्या डंबेलचे दोन्ही गोळे मधोमध नुसते टेकलेले होते. असा सांधा लाकडात टिकत नाही, आणि पोरीच्या हातात तुटला तर काय, म्हणून त्यांनी मध्ये अंगठ्याएवढा जाड दांडा ठेवला. विचारलं कोणालाच नाही. चाळीस वर्षं चाललेल्या हाताला विचारायची सवय राहत नाही. बाईंनीही नजर टाकली, त्यांना डंबेल दिसलं, आणि दांडा दिसून न दिसल्यासारखा झाला.

परीक्षेला तीन दिवस असताना बाई भाचीला घेऊन धावतच आल्या.

"मिस्त्री, घात झाला! मी हिला विचारलं, मध्ये काय असतं? तर म्हणते, दांडा. इलेक्ट्रॉन त्यातून इकडून तिकडे जातो म्हणे!"

"मग काय असतं?"

"काही नाही! तिथे तो कधीच सापडत नाही. तिथे शून्य आहे, शून्य!"

पोरीने महिनाभर जे हाताने पाठ केलं, ते त्यांनीच चुकीचं कातलं होतं. ती मात्र शांतपणे म्हणाली, "मावशी, दांडा नसेल तर तो पलीकडे जातो कसा?"

बाई लहरींबद्दल बोलू लागल्या. पोरगी मान डोलवत होती. ती मान मिस्त्रींनी ओळखली. डॉक्टर बोलत असताना ते स्वतः अशीच डोलवायचे.

"लहर म्हणजे दोरी हलवल्यावर येते तीच ना?" त्यांनी विचारलं.

"तीच."

मिस्त्री आत गेले आणि बायकोची कपडे वाळत घालायची दोरी सोडून घेऊन आले. मागून "अहो, ओले कपडे कुठे ठेवू, डोक्यावर?" असा आवाज आला, तो त्यांनी ऐकलाच नाही. एक टोक खिडकीच्या गजाला बांधलं, दुसरं हातात धरून हलवायला लागले. आधी सगळी दोरी नुसतीच वेडीवाकडी उडाली. बाई "जरा जोरात, जरा जोरात" म्हणत राहिल्या. अखेर लय सापडली आणि दोरीचे दोन फुगवटे झाले. एक वर गेला की दुसरा खाली. बाईंनी भाचीचं बोट मधोमध नेऊन ठेवलं.

"इथे हलत नाहीये," ती म्हणाली. मग तिने हात डावीकडे नेला, उजवीकडे नेला, पुन्हा मध्ये आणला. "दोन्हीकडे हलतंय. पण दोरी एकच आहे." जरा थांबून ती मोठ्याने हसली. "मावशी, तो पलीकडे जातच नाही! तो दोन्हीकडे मिळूनच आहे!"

बाईंनी डोळ्यांना पदर लावला. मिस्त्रींचा खांदा भरून आला होता, तरी ते हलवत राहिले.

दोन दिवसांत त्यांनी दांडे कापून टाकले. प्रत्येक गोळा बाहेरच्या टोकाने वाकवलेल्या तारेवर बसवला आणि मध्ये बोटभर जागा मोकळी सोडली. मोकळी जागा करायला एवढे कष्ट त्यांना कधी पडले नव्हते.

परीक्षा झाली. दोन दिवस कोणी फिरकलं नाही. तिसऱ्या दिवशी मावशी-भाची दारात उभ्या राहिल्या, आणि मिस्त्रींना विचारायचा धीर होईना.

"मिस्त्रीकाका, अजून पाच आकार हवेत," पोरगी म्हणाली. "चार आहेत चार-चार पाकळ्यांचे. पाचवा डंबेलसारखा, पण त्याच्या कमरेभोवती कडं. कशालाही न चिकटलेलं."

"अगं, तुझ्या अणूत एक तरी गोष्ट धड चिकटलेली आहे का? कधी हवेत?"

"घाई नाही. दुसऱ्या सत्राला लागतील."

मिस्त्रींच्या हातातली पटाशी तशीच राहिली. "सत्राला? म्हणजे घेतलं तुला?"

"घेतलं. परीक्षकांनी विचारलं, मध्ये काय असतं? मी म्हटलं, काही नाही. म्हणाले, कोणत्या पुस्तकातून शिकलीस? मी म्हटलं, मिस्त्रीकाकांनी दोरी धरली होती."

मिस्त्री स्टुलावर बसले. "पोरी, चाळीस वर्षं लोक माझं काम लांबून बघतात आणि छान म्हणतात. तू ते बोटांनी वाचलंस. चूक माझी निघाली, तरी परत माझ्याच दारात आलीस. तुझे उपकार आहेत गं माझ्यावर."

"माझे? की तुमचे माझ्यावर?" ती म्हणाली. तिने हात पुढे केला, तो मिस्त्रींनी आपल्या खरखरीत हातांत धरून ठेवला.

मग त्यांनी नाक पुसलं, कानावरची पेन्सिल काढली आणि तिला शेजारी बसवून घेतलं. "आता पहिल्यापासून सांग. मी विचारल्याशिवाय लाकडाला हात लावणार नाही. पहिली पाकळी कुठे?"