वाकणातला धागा

"सतरा वर्षं झाली कापड लावून राहिलो, बाई. माह्या हातून एक सळ पडली नाही," रुपराव म्हणाला.

फायबरग्लासच्या नळीचा कोपर आतल्या बाजूने तडकला होता. नळीचा आराखडा करणारी इंजिनिअर उत्तरा, तिच्या गणितानुसार तो तडकायला नको होता. म्हणजे साच्यावर राळेत भिजवलेलं काचेचं कापड लावणाऱ्या रुपरावचा हात चुकला, असं कारखान्याच्या मधुकरराव साहेबांनी ठरवून टाकलं. कॉम्प्युटर खोटं बोलत नाही, माणूस बोलतो, हा त्यांचा बाणा. सोमवारपासून रुपराव घरी बसणार होता.

उत्तराला आपल्या गणिताचा अभिमान होता, जरा जास्तच. "रुपरावजी, धागा कसा जातो ते दाखवा बरं."

रुपरावने हात कोपरात दुमडला आणि शर्टाच्या बाहीच्या वळणावरून बोट फिरवलं. "असा. नळी वयली का धागाबी वयते. तो काहून सरळ जाईन?"

उत्तराने आपले जुने कागद उघडले. गणितासाठी तिने कोपराचे विटांसारखे एकशे चव्वेचाळीस तुकडे पाडले होते, पण धाग्याची दिशा सगळ्यांना एकच दिली होती. तेवढीच कॉम्प्युटरसाठी पंच करायची कार्डं कमी झाली होती! सरळ नळीत हे खपलं असतं, वाकणात नाही. तिने ते रुपरावला सांगितलं.

"मंग हे तुमच्यावर येईन ना, बाई."

"येऊ द्या."

दोन दिवस तडकलेला कोपर टेबलावर होता. रुपराव त्यावर धाग्याच्या वाटेने सुतळी धरायचा, उत्तरा प्रत्येक तुकड्याचा कोन मोजून नकाशावर बाण काढायची. सत्त्याण्णवाव्या तुकड्याशी त्याने तिला थांबवलं. "हा बाण पाहा. शेजाऱ्याशी भांडून राहिला." तिने तो खोडून शेजारच्या बाणांशी जुळता काढला.

नव्या गणितात आतल्या बाजूचा ताण जवळपास दुप्पट निघाला. कोपराची जाडीच कमी पडली होती, आणि ती ठरवली होती उत्तराने.

"जुन्या कागदावर सही तुमची आहे," मधुकरराव म्हणाले. "तुमच्या बढतीचं काय होईल, विचार करा."

"माझी आहे म्हणूनच आले, सर."

रुपरावची नोकरी राहिली. बढतीचा कागद ड्रॉवरमध्ये गेला. नव्या नकाशावर 'तपासणारा' या चौकटीत सही करायला साहेबांनी नकार दिला, तेव्हा उत्तराने तिथे लिहिलं : रुपराव धोंडबा काळमेघ.

"माह्यं नाव?" रुपरावने हात पँटला पुसले, पुन्हा पुसले. बोटांवरची राळ निघणारी नव्हती. नावाला न शिवता त्याने पहिल्या बाणावर बोट ठेवलं आणि वाकणाभोवतीने शेवटच्या बाणापर्यंत सावकाश नेलं.

"आता बराबर हाय," तो म्हणाला.