थरथरीवर कात्री

आमच्या घरात दोन सिनेमावाले, आणि दोघांचं पटत नाही. दादाचं म्हणणं, कॅमेरा एका जागी ठेवावा, समोर घडतंय ते घडू द्यावं, मध्ये नाक खुपसू नये. मी संकलक. माझ्या मते सिनेमा होतो तो कापण्या-जोडण्यात.

"तुझ्या हिशेबानं बँकेतला सीसीटीव्हीच सगळ्यात थोर दिग्दर्शक," मी त्याला म्हणायचे.

"आणि तुझ्या हिशेबानं जे खरं घडतं तो नुसता कच्चा माल," तो म्हणायचा.

बाबांचं केस कापायचं दुकान. आजारपणानंतर त्यांचा उजवा हात थरथरायला लागला, त्यांनी कात्री खाली ठेवली आणि दुकान विकायला काढलं. सोमवारी सह्या व्हायच्या होत्या. निदान आठवण राहावी म्हणून त्यांना शेवटचं एकदा काम करायला लावून आम्ही ते टिपलं. दादाचा कॅमेरा कोपऱ्यात, माझा अगदी जवळ. खुर्चीत मामा. त्याच्या डोक्यावर कापण्यासारखं फारसं नव्हतं, पण बसायला तोच तयार झाला.

रविवारी बाबांना आधी माझी फिल्म दाखवली. कात्रीची चमक, आरसा, खांद्यावर पडणारे केस. थरथर मी शोधून शोधून काढून टाकली होती.

"छान आहे," बाबा म्हणाले. "पण हा मी नाही." आणि ते उठायला लागले.

दादानं न विचारता त्याचं चित्रण लावलं. एकच लांबलचक शॉट. बाबांचा हात थरथरत वर जात होता. मला बघवेना.

"बंद कर," मी म्हटलं. "जखमेवर मीठ कशाला चोळतोस?"

"थांब गं," बाबा म्हणाले.

थरथरणारा हात केसांना टेकला आणि स्थिर झाला. कात्री सरळ चालली. हात हवेत आला, पुन्हा थरथर. टेकला, पुन्हा स्थिर. काम करताना बाबांची नजर केसांवर असते, त्यामुळे त्यांना हे कधी दिसलंच नव्हतं. आणि मी शहाणीनं थरथरीबरोबर तो टेकण्याचा क्षणही कापून टाकला होता. मला रडू आलं, दादाचं बरोबर निघालं म्हणून रागही आला.

"हे जवळून दिसेल का?" बाबांनी विचारलं.

दादानं माझ्याकडे पाहिलं. जवळून फक्त माझ्याकडे होतं, टाकून दिलेल्या तुकड्यांत. मी ते शोधलं आणि त्याच्या लाडक्या अखंड शॉटच्या मधोमध जोडलं. त्यानंच ते पुन्हा लावलं.

पडदाभर बोटं थरथरत खाली आली, टेकली, थांबली. बाबा पुढे वाकून बघत राहिले.

"मामाला फोन लाव," ते म्हणाले. "मागे डावीकडे जरा जास्त राहिलेत. आणि त्या दुकान घेणाऱ्याला सांग, सोमवारी दुकान उघडं आहे. केस कापायचे असतील तर ये म्हणावं."