कडी नसलेलं घर

भोकरच्या माधवराव मास्तरांच्या घराला आतून एकही कडी नव्हती. बाहेरून कुलूप घालायची सोय होती, पण आतून नाव नको. बैठकीला नाही, झोपायच्या खोलीला नाही, अन् अहो, न्हाणीलासुद्धा नाही! सून सौदामिनी लग्न होऊन आली, तेव्हा पहिल्याच सकाळी न्हाणीचं दार आतून चाचपून चाचपून रडकुंडीला आली बिचारी. मग नवऱ्यानं, राघवेंद्रनं, तिला घरची रीत सांगितली. दार लोटलेलं दिसलं की बाहेरच्यानं विचारायचं, "कोण हाय?" आतल्यानं सांगायचं, "मी हाय." झालं, बाहेरचा माघारी.

या रितीला गावात कुणी हसत नसे, कारण ती कुठून आली ते सगळ्यांना ठाऊक होतं. भूकंपाच्या साली मास्तर किल्लारीकडच्या एका खेड्यात नोकरीला होते. त्या पहाटे ते लहानग्या राघवेंद्रला घेऊन ओसरीवर निजले होते, बायको महानंदा आत. पहिल्या हादऱ्यात चौकट तिरपी झाली अन् आतली कडी अडकून बसली. तिला कडी निघेना, यांना दार हलेना. "हायस ना?" हे विचारत राहिले. "हाय, हाय," ती सांगत राहिली. मग दुसरा हादरा आला आणि वरचं मातीचं माळवद खाली बसलं.

भोकरला बदली झाल्यावर मास्तरांनी नव्या घरातल्या सगळ्या कड्या आपल्या हातानं काढून टाकल्या. स्वतः तर दार लोटायचेसुद्धा नाहीत. आंघोळ काय अन् झोप काय, दार अर्धं उघडंच. त्यामुळं त्यांना "कोण हाय?" असं विचारायची पाळी घरात कुणावर आलीच नाही.

सौदामिनीनं हे सगळं सोसलं. पण सिद्धेश्वर झाला, चालायला लागला, आणि तिची कुरबूर सुरू झाली.

"बाबा, या पोराला कडी म्हणजे काय ते कळायला नको का?"

"शाळेत जाईल तवा शिकंल की. घाई काय हाय?"

विषय तिथंच संपायचा. सिद्धूला काय, त्याला घरची रीत म्हणजे फुकटचा खेळ. परडं असो, कपाट असो, गोधडी असो, आत शिरायचं आणि कुणी विचारायची वाट बघत बसायचं. विचारलं की छाती फुगवून ओरडायचं, "मी आय!"

एका रविवारी आजोबा, सून आणि नातू असे तिघं नांदेडला निघाले. सौदामिनीची धाकटी बहीण मुग्धा तिथं डॉक्टरकीच्या परीक्षेचा क्लास करत होती. तिच्या हॉस्टेलच्या गल्लीत आता घरं कमी आणि क्लासच्या पाट्याच जास्त. मुग्धाला धपाटे-चटणी द्यायची, मग सिद्धूला गोदावरीवर नेऊन पाणी दाखवायचं, असा बेत. एसटीत पोरगं खिडकीला नाक लावून बसलं आणि दिसेल त्या शेळीला हाक मारत राहिलं. मास्तरांना इतकं बरं वाटत होतं की त्यांनी शेजारच्या अनोळखी माणसालाही एक धपाटं दिलं.

मुलींच्या हॉस्टेलात गडीमाणसाला मज्जाव. पण हॉस्टेल सांभाळणाऱ्या नीलाबाईंनी मास्तरांचे पांढरे केस बघितले. "वडीलधारे हायत, जाऊ द्या," म्हणाल्या. मुग्धा खोलीबाहेर व्हरांड्यात धावत आली. ताईच्या गळ्यात पडली, डबा उघडून तिथंच उभ्यानं खायला लागली. परीक्षा, मार्क, मेसची पातळ डाळ, सगळं एका दमात सांगत सुटली. या गडबडीत सिद्धू तिच्या खोलीत शिरला, त्यानं दार लोटलं, आणि आत खट्ट असा आवाज झाला.

मास्तर गर्रकन वळले. कडीचा आवाज ते विसरले नव्हते.

"खालची कडी लावली वाटतं," मुग्धा हसत म्हणाली. आणि मग तिच्या हातातलं धपाटं खाली पडलं. "ताई... आत रॉड लावलाय गं. केस धुवायचे होते. खाली बादली हाय."

हॉस्टेलात पाणी तापवायच्या रॉडला बंदी होती. पोरी लपवून लावायच्याच. नीलाबाई शिव्या घालत जिन्याखाली पळाल्या आणि त्यांनी मेन स्विच बंद केला. शॉकची भीती गेली. पण रॉड मघापासून चालू होता आणि बादलीतून आता वाफा निघत असणार. पाणी दिसलं की सिद्धू त्यात खांद्यापर्यंत हात घालतो, हे सगळ्यांना माहीत.

"सिद्धू! दार उघड! कडी काढ बाळा!" सौदामिनी दोन्ही हातांनी दार बडवायला लागली. आत पोरगं दचकलं आणि त्यानं भोकाड पसरलं. रडणं दारापासून लांब लांब जायला लागलं.

मास्तरांनी तिचे हात धरले. तिनं ते झिडकारले.

"तुमच्यामुळं झालं हे! घरात एक, एक कडी असती बाबा, तर पोराला काढता आली असती!"

तिचं खरं होतं. ज्या कडीनं बायको नेली ती त्यांनी घरातून उपटून काढली, आणि आज नातवाला ती लावता आली, काढता येईना. पळून जावं, कुठंही जावं, या दारासमोर उभं राहू नये, असं त्यांना वाटलं. पण ते गेले नाहीत. तिथंच फरशीवर बसले, दाराच्या फटीला तोंड लावलं आणि घसा खाकरला.

"कोण हाय?"

रडणं थांबलं. मग हुंदका गिळत आवाज आला, "मी आय."

"न्हाई न्हाई. दाराजवळ कोण हाय?"

पावलं थपथप करत दारापाशी आली. "मी आय!"

"मुग्धा," मास्तर मान न वळवता हळूच म्हणाले, "वरून काय होतंय का बघ. मी याला इथं धरून ठेवतो."

दारावर हवेसाठी झरोका होता. नीलाबाईंनी टेबल ओढून आणलं, मुग्धा वर चढली. तिनं झरोक्याच्या काचा एकेक करून काढल्या. कोळ्याची जाळी काढायच्या लांब झाडूला वाकवलेली तार बांधून ती आत सोडली. तार कडीपर्यंत पोचायची, खुंटीला लागायची आणि सटकायची. पुन्हा पोचायची, पुन्हा सटकायची.

"कोण हाय?"

"मी आय!"

"कोण हाय?"

उत्तर नाही.

"कोण हाय रे?"

काहीच नाही. दारामागची ही शांतता मास्तरांना ओळखीची होती. ते फटीपासून मागं सरले.

"काका, तो बादलीकडं चाललाय," वरून मुग्धा रडत म्हणाली. "प्लास्टिकचा मग घेतलाय हातात. बोला ना काका, काहीतरी बोला!"

सौदामिनीनं तोंडावर पदर दाबला होता. मास्तरांनी पुन्हा फटीला तोंड लावलं आणि अख्ख्या वर्गाला ऐकू जाईल अशा जुन्या मास्तरकीच्या आवाजात विचारलं,

"कोण हाय आत? म्हैस हाय का?"

पावलं थांबली. "न्हाई!"

"मग? गाढव हाय का, शिंगवालं?"

"न्हाई! मी आय!"

"आवाज तर बेडकाचा येऊन राहिला. दाराजवळ ये बरं, बघू बेडूक हाय का."

हातातला मग खाली पडल्याचा आवाज झाला. थपथप पावलं आली. सिद्धूला मस्करीही करायची होती आणि आजोबांची चूकही दुरुस्त करायची होती. दारावर छोटी मूठ आपटून तो किंचाळला, "बेदूक न्हाई आबा! मी आय! मी!"

मास्तर हसले. डोळ्यांतून पाणी घळाघळा वाहत होतं आणि ते हसत होते, कारण हसणं थांबलं असतं तर पोरगं गेलं असतं. कोंबडा हाय का, शेळी हाय का, कंडक्टर हाय का, जे सुचेल ते विचारत होते. वर तार घासत होती. शेवटी एकदाचं खट्ट झालं.

दार उघडलं. सिद्धू समोर उभा, एका पायातली चप्पल गायब, स्वतःवर बेहद्द खूश. आईनं त्याला असं कवटाळलं की तो ओरडायलाच लागला. मुग्धा टेबलावरच बसून हमसून रडत होती. बादलीतनं अजून वाफ निघत होती.

सौदामिनीला काहीतरी बोलायचं होतं. "बाबा, मी मघाशी..."

"खरंच बोललीस तू. उद्या घरी एक कडी लावू," मास्तर म्हणाले. "त्याला काढायला शिकवू." आणि भिंतीला धरत उठून ते व्हरांड्याच्या टोकाच्या न्हाणीत गेले. तोंडावर पाणी मारायचं होतं. पण पाणी मारायच्या आधीच रडू फुटलं, म्हणून त्यांनी घाईनं दार लोटून घेतलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, पूर्ण.

नळ सोडून ते ढसाढसा रडले. महानंदासाठी रडले, पोरासाठी रडले, वाचलो रे देवा म्हणून रडले.

दारावर छोटी मूठ बसली.

"कोण आय?"

मास्तरांनी भरली ओंजळ तोंडावर मारली.

"कोण आय?" बाहेरचा आवाज जरा घाबरला. मग त्यानं थोडा विचार केला. "आत म्हश आय का?"

मास्तरांनी नळ बंद केला.

"न्हाई रे राजा," ते म्हणाले, "मी हाय. मी हाय."