पंचमावरचं थबकणं

आश्विनातली पिवळीधमक दुपार. कृष्णेच्या संथ-शांत पाण्यावर ऊन लोळत होतं, पैलतीरीच्या उसाला हळदी झळाळी चढली होती, आणि घाटावरच्या माडीत तंबोरे मंदगंभीर, मंदमधुर झंकारत होते.

वैजयंती मात्र जुळलेल्याच तारा पुन्हा पुन्हा जुळवत होती. कोजागिरीला उतरत्या दुपारी देवळात ती स्वतःची पहिली बंदिश गाणार होती. पण आधी गुरूंना, विश्वंभरबुवांना, ऐकवायची. ते 'ही तुझी नव्हे' म्हणाले, तर गायचीच नाही, असं तिनं ठरवूनच टाकलं होतं.

तिनं मुलतानी रागातली आपली बंदिश आळवली. मंद्रातून उमलत, मध्यातून वळत स्वर पंचमापाशी आला, क्षणभर थबकला, मग तारषड्जाकडे झेपावला. काय देखणं थबकणं ते! बुवांच्या गाण्याचा प्राणच तो, तपभर घोटून तिनं गळ्यात उतरवलेला.

बुवा खोकत खोकत हसले.

"अगं वेडाबाई, तिथं मी थांबतो ते दम्यानं! श्वास पुरत नाही मला. तुला कसला दमा?"

अरे देवा! भक्ती भक्ती म्हणून पोरीनं दुखणंच उचललं होतं! तिचे कान लालेलाल झाले. लाज वाटली, हसू आलं, रडूही आलं.

"आता न थांबता म्हण बघू."

तिनं म्हटलं. तान अखंड, उन्मुक्त, उसळत वर गेली. सुटले बाई एकदाची, तिला वाटलं. हे तरी माझं!

बुवांचे डोळे भरून आले. "अगदी असंच गायचो गं मी, दमा लागायच्या आधी. तू तर तेव्हा जन्मलीही नव्हतीस."

आता बोला! थांबावं तर बुवांचं म्हातारपण, न थांबावं तर त्यांचं तारुण्य. मग हिनं जावं तरी कुठं? कुठला स्वर आपला, कुठला उसना, काही म्हणता काही उमगेना. तिनं तंबोरा खाली ठेवला.

"नाही गात मी, बुवा. यात माझं काहीच नाही."

बुवांनी तो तंबोरा मांडीशी घेतला आणि डोळे मिटून तिचीच बंदिश गुणगुणू लागले. जीर्ण, जर्जर, तरी जरतारी तो आवाज. समेवर येताना मात्र जुन्या सवयीनं ते गंधारावरून लाडानं घसरत उतरले.

"असं नाही, बुवा!"

बोलून गेली आणि तिनं जीभ चावली. गुरूंना 'नाही' म्हणायची तिची ही पहिलीच वेळ.

"मग कसं?"

"तिथं... लाड नाहीत करायचे. नुसतं उतरायचं."

तिनं गाऊन दाखवलं. बुवा पुन्हा चुकले, तिनं पुन्हा अडवलं. का नाही, हे काही तिला सांगता येईना. 'असं नाही', एवढं मात्र पक्कं ठाऊक होतं.

उन्हं कलली, माडी सोनेरी झाली. आणि पांढऱ्याशुभ्र केसांचे बुवा शिष्येसमोर मांडी घालून, धापा टाकत, तिची ओळ घोटत राहिले.