शिकाऊ पादचारी

पनवेलच्या उभ्या आळीत ज्याला गाडी चालवता आली तो जगात कुठेही चालवेल, असं भगवान मोटर ड्रायव्हिंग स्कूलच्या पाटीवर लिहिलं होतं आणि त्यात अतिशयोक्ती फार नव्हती. आळी बावीस फुटांची. दोन्ही कडांना स्कूटर लावलेल्या, मधे रिक्षा, रिक्षापुढे टेम्पो, टेम्पोपुढे गाय आणि गाईपुढे एक गृहस्थ, जे गाय गेल्याशिवाय हलायला तयार नसत. इथे शिकलेली माणसं टेस्टच्या मोकळ्या मैदानावर गेली की भांबावायची. एवढ्या जागेचं करायचं काय, हेच त्यांना समजत नसे.

स्कूल तीस वर्षांपूर्वी भगवान म्हात्र्यांनी काढलं. आता ते त्यांचा मुलगा निकेश चालवत होता. चालवत होता म्हणजे शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून आपल्या पायाखालचा जादा ब्रेक दाबत होता. भगवानराव स्कूलच्या दारात खुर्ची टाकून बसलेले असत, कारण गेल्या दिवाळीत त्यांना अर्धांगवायूचा झटका आला होता. वाचा शाबूत राहिली. निकेशच्या मते जरा जास्तच शाबूत राहिली. गेला तो डावा पाय.

"क्लचचा गेला," भगवानरावांनी डॉक्टरांना सांगितलं. "ब्रेक आणि ॲक्सिलेटर हाय."

फिजिओथेरपीवाल्या बाईंनी निकेशला बाजूला घेऊन बजावलं होतं, की यांना रोज सरळ, सपाट, मोकळ्या जागेत चालवा. वर्षभरात चालले नाहीत, तर पाय चालायचं विसरून जाईल आणि मग मी सुद्धा काही करू शकणार नाही.

निकेशने त्यांना तळ्यावर न्यायचं ठरवलं.

"तळ्यावर म्हातारी मानसं जातात," सहासष्ट वर्षांचे भगवानराव म्हणाले.

"मग इथेच, दारासमोर चला."

"या रस्त्यावरचे निम्मे ड्रायवर मी शिकवलेत रं. ते कसे चालवतात, मना ठाव हाय."

निकेशने विषय सोडून दिला. उरलेले निम्मे त्याने शिकवले होते.

असे नऊ महिने गेले. घरी पलंगापासून मोरीपर्यंत आणि रिक्षातून उतरल्यावर खुर्चीपर्यंत, एवढाच भगवानरावांचा प्रवास. तीन महिने उरले असताना आळीच्या तोंडाशी फलक लागला: प्रायोगिक तत्त्वावर एकवीस दिवस उभी आळी सकाळी आठ ते रात्री नऊ सर्व वाहनांना बंद. एकविसाव्या दिवशी पाहणी आणि सुनावणी. लोक रस्ता वापरत असतील तर मुदत वाढेल, नसतील तर आळी पुन्हा खुली.

आळीतल्या दुकानदारांनी त्याच संध्याकाळी विरोध समिती स्थापन केली. अध्यक्ष झाले स्टीलच्या भांड्यांचे सुदामशेठ. चिटणीस झाला निकेश, कारण प्रिंटर त्याच्याकडे होता. पण निकेशचा विरोध प्रिंटरपुरता नव्हता. आळीत गर्दी नाही तर पाटीवरचं वाक्य खोटं, आणि वाक्य खोटं तर स्कूल शंभरातलं एक. निवेदन त्याने स्वतः बसून लिहिलं. एक्केचाळीस सह्या जमल्या. पहिली त्याचीच होती.

पहिल्या दिवशी आठ वाजता दोन्ही टोकांना अडथळे लागले आणि उभी आळी रिकामी झाली. म्हणजे डांबर दिसलं. आळीत जन्मलेल्या काही लोकांनी ते प्रथमच पाहिलं.

पण त्यावर पाय कोणी ठेवेना. माणसं नेहमीसारखीच गटाराच्या कडेने, एकामागे एक, पिशवी छातीशी धरून चालत राहिली. ओलांडायचं असलं की उजवीकडे बघत, डावीकडे बघत आणि रिकाम्या रस्त्यातून जीव मुठीत धरून पळत. मधोमध फक्त एक कुत्रं आडवं झालं होतं. सरकारी परिपत्रक बरोबर समजलेलं आळीत ते एकटंच.

दहा वाजेपर्यंत बातमी पसरली, की मंत्री येतायत. रस्ता इतका रिकामा मंत्र्याशिवाय होत नाही, हा प्रत्येकाचा अनुभव होता. लोक दुतर्फा उभे राहिले. सुदामशेठनी विरोध समितीचे अध्यक्ष या नात्याने निवेदन घेतलं आणि माणूस या नात्याने हार मागवला. पाऊण तासाने रस्त्याच्या मधोमध एक व्यक्ती चालत येताना दिसली. पाठीला सॅक, हातात मेगाफोन. आळीत मधून चालणारं दुसरं कोणी नव्हतंच, त्यामुळे सुदामशेठनी पुढे होऊन तिच्या गळ्यात हार घातला आणि टाळ्या वाजल्या.

ती पालिकेची कनिष्ठ अभियंता दिपिका ठाकूर होती. हा प्रयोग तिचाच होता. हारासकट तिने मेगाफोन तोंडाला लावला. "नागरिकांनो, मी मंत्री नाही. कृपया मधून चाला. रस्ता तुमचा आहे."

लोकांनी हे शांतपणे ऐकून घेतलं आणि ते कडेकडेने घरी गेले.

तीन दिवस हेच चाललं. चौथ्या दिवशी दिपिका स्कूलच्या पायरीवर येऊन बसली. घसा बसला होता.

"तुम्ही विरोधात आहात, माहितीये मला," ती निकेशला म्हणाली. "फक्त पाणी द्या."

निकेशने पाणी दिलं.

"मोजणीत आकडा काय येतोय सांगू? कडेने चालणारे नऊशे. मधून चालणारी मी. आणि मी मोजणारी, त्यामुळे मला धरता येत नाही."

निकेशला आनंद व्हायला हवा होता. तो व्हायच्या बेतात होता, तेवढ्यात मागून खुर्ची करकरली.

"निक्या," भगवानराव रस्त्याकडे बघत म्हणाले, "एकपन गाडी नाय?"

"नाही बाबा."

"हॉर्न नाय?"

"नाही."

"सरळ हाय. सपाट हाय." ते खुर्चीत पुढे सरकले. "मंग मना शिकव."

"काय शिकवू?"

"चालायला! तुझं दुकान काय भजीचं हाय?"

निकेशने हात पुढे केला. भगवानरावांनी तो झटकला. "आधी पाटी."

"कसली पाटी?"

"शिकाऊ मानूस रस्त्यावर आनतोस आनि पाटी नाय? तीस वर्सं मी एकाला बिनपाटीचं बाहेर काडलं नाय. आपल्याच घरात नियम मोडायचा का?"

तेव्हा निकेशने पांढऱ्या कागदावर लाल रंगात मोठा 'एल' छापला आणि बाबांच्या सदऱ्याला पाठीमागून दोन टाचण्यांनी लावला. याच प्रिंटरवर विरोध समितीचं निवेदन छापलं होतं, याची टोचणी त्याला लागली. भगवानरावांना टाचणीची लागली. मग दोघं डांबरावर उतरले.

पाय हलेना. भगवानरावांचं कपाळ घामाने भिजलं. निकेशने डॉक्टरी भाषेत सांगून पाहिलं, की वजन उजवीकडे टाका, गुडघा उचला. भगवानराव भिंतीसारखे उभे. निकेश आयुष्यात एकच भाषा नीट शिकला होता आणि ती याच माणसाकडून. शेवटी तो तीच बोलला.

"क्लच दाबा."

डावा पाय जमिनीवर दाबला गेला.

"गियर टाका. आता क्लच सोडा, हळू... एकदम नको, बंद पडेल!"

डावा पाय उचलला गेला, थरथरला आणि चार बोटं पुढे पडला.

"आरशात बघा."

"आरसा कुठं हाय?"

"मान फिरवून बघा मग. मागे कोण आहे?"

"कुत्रा."

"येऊ दे त्याला. तुम्ही चला."

पहिल्या दिवशी अकरा पावलं झाली. तीन वेळा गाडी बंद पडली. अकराव्या पावलाला आळीच्या तोंडावरचा ट्रॅफिक हवालदार समोर येऊन उभा राहिला. त्याने पाठीवरची पाटी वाचली.

"हे काय?"

"शिकाऊ आहेत," निकेश म्हणाला.

हवालदार विचारात पडला. "बरोबर लायसनवाला आहे ना?"

"मी आहे."

"मग हरकत नाही," तो म्हणाला आणि त्याने हात दाखवून कुत्र्याला थांबवलं.

दुसऱ्या दिवशी स्कूलच्या दारात खांदा कॉलनीतल्या वेणूमावशी हजर झाल्या. दोन्ही गुडघे नवे, चार महिन्यांपूर्वी बसवलेले.

"अजून रनिंगमध्ये काढलेले नाहीत," त्या म्हणाल्या. "सुनेने सांगितलं, इथे चालायचा क्लास निघालाय. लेडीज बॅच कितीला?"

"मावशी, असा क्लास नाहीये."

"मग ते काय चाललंय?" त्यांनी बोट दाखवलं. रस्त्याच्या मधोमध भगवानराव एकटेच, कशालाही न धरता उभे होते आणि 'न्यूट्रल, न्यूट्रल' असं स्वतःला बजावत होते.

आठवडाभरात क्लास झाला. सकाळी साडेआठची बॅच आणि संध्याकाळी सहाची. गुडघेवाले, मोतीबिंदूवाले, पाठीत उसण भरलेले, आणि एक निवृत्त पोस्टमन, ज्यांना काहीच झालं नव्हतं पण पाटी आवडली होती. सगळ्यांच्या पाठीवर लाल 'एल'. भगवानराव आता विद्यार्थीही होते आणि मुख्याध्यापकही. स्वतः बंद पडलेले असताना ते दुसऱ्याला ओरडत. "ओ पोस्टमन, इंडिकेटर! वळताना हात दाखवा! मागच्याला काय सपान पडनार हाय?"

आणि या क्लासमुळे एक घोटाळा झाला. क्लास नियमाप्रमाणे डावीकडून आणि हळू चाले. मागून येणाऱ्याला पुढे जायचं तर उजवीकडून जावं लागे आणि उजवीकडे रस्त्याचा मध्य होता. एकदा मधे आलेला माणूस परत कडेला जाईना. बायका दोघी-दोघी, तिघी-तिघी बोलत चालू लागल्या. एका जोडप्याने तर भांडण थांबून, समोरासमोर उभं राहून, पूर्ण केलं. गटाराच्या कडेला तसं भांडायची सोयच नव्हती.

सुदामशेठनी निकेशला दुकानात बोलावलं.

"तू चिटणीस कोणाचा? आमचा की त्या बाईचा?"

"तुमचा."

"मग हे रस्त्यावर काय मांडलंयस?"

"बाबांना चालवतोय, शेठ."

"घरात चालव."

"घरात मोरी लागते."

सुदामशेठनी पुढ्यातलं पातेलं बाजूला सारलं. मग म्हणाले, "सुनावणीला निवेदन तूच वाचायचंस. अक्षरन् अक्षर."

निकेश त्या रात्री जेवता जेवता मनात हिशेब मांडत राहिला. ड्रायव्हिंगचे धडे त्याने शेजारच्या करंजाड्याच्या रुंद रस्त्यांवर हलवले होते आणि तिथे एक भयंकर गोष्ट घडत होती. विद्यार्थी न घाबरता शिकत होते. एक बाई तर हॉर्नला हात न लावता गाडी उलटी घेऊन मोकळ्या झाल्या. पाटीवरचं वाक्य आता कशाला हवं, असा प्रश्न त्याला पडला. पण वाक्य बाबांचं होतं. आणि सुनावणीत आळी खुली झाली, तर बाबा परत खुर्चीत. फिजिओवाल्या बाईंनी दिलेलं वर्ष काही पालिका वाढवून देणार नव्हती.

एकविसाव्या दिवशी सुनावणी आळीतच भरली. सतरंज्या डांबरावर टाकल्या होत्या. पालिकेचे एक साहेब आले. या वेळी हार कोणी आणला नव्हता, एकदा पोळलं होतं. दिपिकाने आकडे वाचले: पहिल्या दिवशी मधून चालणारं कोणी नाही, काल एक हजार तीनशे बारा. मग निकेश उठला.

त्याने निवेदन वाचलं. अक्षरन् अक्षर, सांगितल्याप्रमाणे. मालाची अडचण, गिऱ्हाइकांची अडचण, आळीच्या लौकिकाला बाधा. सुदामशेठ मान डोलवत होते. शेवटी तो सह्यांपाशी आला.

"एक नंबरची सही माझी आहे," तो म्हणाला. "ती मी काढून घेतोय. मालाचं म्हणणं खरं आहे, दुपारी तासभर टेम्पो येऊ द्या. बाकीचं मी लिहिलं तेव्हा मला वाटत होतं, की या आळीत गर्दी राहिली नाही तर आमचं स्कूल संपेल. पण माझ्या वडिलांना नऊ महिने चालायला जागा नव्हती. आता ते एका दमात एकशे बारा पावलं चालतात. परत खुर्चीत बसवलं, तर ते उठायचे नाहीत. माझं एवढंच."

"एकशे चौदा," मागून भगवानराव म्हणाले. "खोटं रेकॉर्ड लिवू नको."

सगळे हसले. सुदामशेठ मात्र नाही. ते उठले, घसा खाकरला आणि साहेबांना म्हणाले, "दुपारी तासभर टेम्पो, हे लेखी मिळणार असेल तर समिती तीन महिने बघायला तयार आहे." बसता बसता ते निकेशच्या कानात पुटपुटले, "माझी बायको सहाच्या बॅचला येते. मला घरी राहायचंय बाबा."

साहेबांनी तीन महिने लिहून दिले. लोक उठले. सतरंज्या गुंडाळल्या जात असताना भगवानराव खुर्चीचा हात धरून उभे राहिले.

"थांबा बाबा, आलो," निकेश म्हणाला.

"तू कशाला? दाडी करून येतो."

सलून आळीच्या दुसऱ्या टोकाला होतं. नऊ महिने न्हावी घरी येत होता. निकेशने मनात अंतर मोजलं. दोनशेच्या वर पावलं होती.

"बाबा, तेवढं अजून झालेलं नाही. मी बरोबर येतो."

"आनि क्लास कोन घेनार?" भगवानरावांनी हनुवटीने दाखवलं. वेणूमावशी आपल्या नव्या गुडघ्यांवर उभ्या होत्या. मागे सहा-सात जणी, त्यांत सुदामशेठची बायको. "सहा वाजले. गिऱ्हाईक उभं ठेवायचं नाय."

ते निघाले. क्लच, गियर, क्लच, हे पुटपुटणं थोडा वेळ ऐकू आलं, मग गर्दीच्या बोलण्यात मिसळून गेलं. निकेश बॅचकडे वळला.

"हं, मावशी. आधी न्यूट्रल बघा."

"बघितलं. पण तुझं लक्ष कुठाय?"

लक्ष आळीच्या त्या टोकाला होतं. भगवानराव दोनदा थांबले होते. एकदा तर सुपाऱ्यांच्या दुकानापाशी इतका वेळ थांबले, की निकेशने एक पाय पुढे टाकला. पण ते भाव विचारत होते. मग सलूनच्या पायरीपाशी पोचले, डावा हात लांब करून वळणार असल्याची खूण केली, मागे कोणी नाही याची खात्री केली आणि आत गेले.

"मास्तर," वेणूमावशी म्हणाल्या, "आम्ही निघालो हं."

आणि निघाल्यासुद्धा, थेट मधून.