लॉकहार्टची घंटा

घंटा वाजली आणि अख्खं गाव लोरन नदीकडे धावलं. पूल माणसांनी भरून गेला. बेकरीवाली बेसीसुद्धा पिठाच्या हातांनी आली. पंधरा-वीस गळ एकदम पाण्यात पडले आणि थोड्याच वेळात खालच्या डोहावर आरोळी उठली, "लागला! सॅल्मन लागला!"

"बघितलंत?" पुलावर उभ्या, गावाला मासेमारीची वेळ काढून देणाऱ्या लॉकहार्टसाहेबांनी छातीवरच्या पितळी वायुभारमापकाला टिचकी मारली. "चंद्र, हवेचा दाब आणि माशाचं पित्त, तिन्ही जुळले की मासा तोंड उघडतो. दिवसातून एकच तास! बाकीच्या वेळी तो ध्यानात असतो. तेव्हा गळ टाकलात तर रुसेल, आठवडाभर फिरकणार नाही."

वा रे वा! माशाचीही पत्रिका मांडून मोकळा झाला मेला. वर घरटी वर्गणी. मासा लागला की ही साहेबांची विद्या, आणि नाही लागला की, "कुणीतरी चोरून आधी गळ टाकला असणार!" मग गाव एकमेकांकडे संशयानं बघत बसायचं.

आणि त्या तासाला पुलावरची घंटा वाजवायला कोण? माझे बाबा! जन्मभर त्यांनी पाहुण्यांना या नदीवर मासेमारीला नेलं. अलीकडे पाहुणे रिकाम्या हातांनी परतायला लागले, तेव्हा लॉकहार्टनं त्यांना सुनावलं, "डंकन, तू चुकीच्या वेळी नेत होतास." बाबांनी ते मनाला लावून घेतलं. स्वतःचा गळ माळ्यावर टाकला. जेवताजेवता मध्येच थांबून म्हणायचे, "आयली, किती लोकांचे दिवस मी फुकट घालवले गं!"

मी इथल्या शाळेत शिकवते. शेवटी बाबांचाच गळ माळ्यावरून काढला आणि रोज शाळा सुटल्यावर, घंटेची वेळ सोडून, पाण्यात उभी राहायला लागले.

"बाई, मासे रुसतील हं!" बेसी पुलावरून ओरडायची.

"रुसू देत. मी समजूत काढीन त्यांची."

दिवसामागून दिवस गेले. काही नाही. बेसीनं मला पाव द्यायचं बंद केलं. मग एका ढगाळ दुपारी, लॉकहार्टच्या हिशेबात मासा गाढ ध्यानात असताना, दोर ताणला गेला. चांगली भरलेली मादी होती. पुलाखालच्या उथळ पाण्यात आणून, हाका मारून जमवलेल्या सगळ्यांना मी ती दाखवली आणि सोडून दिली. आमच्याकडे आता नियमानं सोडूनच द्यावी लागते.

"अपवाद!" लॉकहार्ट गरजला.

"कसला अपवाद? अहो, दुकान चारलाच उघडायचं आणि म्हणायचं, गिऱ्हाईक बघा कसं बरोब्बर चारलाच येतं! सगळे गळ तुमच्याच तासात पाण्यात, मग मासा दुसऱ्या वेळी लागेल कसा? समुद्रातून नदीत शिरला की सॅल्मन खाणंच सोडतो. तरी गळाला तोंड का घालतो, हे अजून कुणालाच धड ठाऊक नाही. त्या 'ठाऊक नाही'वरच तुमचं पोट चाललंय!"

पुलावर खसखस पिकली. बेसीही हसली. मी आनंदानं बाबांकडे वळले. "बाबा, तुमचं काही चुकलं नव्हतं. तुम्हीच म्हणायचात ना, गळ पाण्यात असेल तेव्हा मासा लागतो?"

बाबा घंटेची दोरी धरून पाण्याकडे बघत होते. "मग तुझा गळ इतके दिवस पाण्यातच होता की. का नाही लागला?"

मी हातातला दोर गुंडाळायला लागले.

"म्हणजे मी नेत होतो ती वेळ बरोबर होती," ते हळूच म्हणाले. "मासेच नव्हते."

"हो, बाबा. फार थोडे उरलेत."

समुद्र तापला, की वरच्या ओढ्यांत गाळ बसला, की आणखी काही, हे मलाही नीट सांगता येईना.

"लॉकहार्टचं बरं होतं गं," बाबा म्हणाले. "चूक माझी होती, तेव्हा निदान सुधारता तरी येत होती."

दुसऱ्या दिवशी घंटा वाजली. बाबा घरीच होते. दोरी आता बेसीच्या हातात होती. लोक पुन्हा पाण्यात उतरले. मी काठावरून ओरडले, अजूनही रोज ओरडते, "अरे, मासा कधी लागतो ते काय विचारता? मासे गेले कुठे, ते विचारा!" पण घंटेपुढे माझा आवाज कुणाला ऐकू जातोय? तुम्ही तरी विचारा.