दाढीचं गवत

नवऱ्याची तीन दिवसांची दाढी.

आंघोळीनंतर धुरकटलेला आरसा.

भांडी घासून घासून विस्कटलेला स्पंज.

धाकट्या बहिणीच्या जुन्या स्वेटरची उसवलेली बाही.

संगणकाच्या पडद्याच्या कडेला एकाखाली एक मांडलेल्या या ब्रशांपैकी पहिला तिने उचलला आणि कोऱ्या टेकडीवर पेन ओढलं. टेकडीवर गवत उगवलं.

"हे आपलं," ती म्हणाली. "आणि हे त्यांचं."

शेजारच्या पडद्यावर दुसऱ्या कंपनीची जाहिरात थांबवून ठेवलेली होती. तिथल्या टेकडीवरही तेच गवत.

सर तिच्या खुर्चीमागे उभे होते. "गवत गवतासारखंच दिसणार की."

"माझ्या नवऱ्याची दाढी मी ओळखणार नाही?"

सरांना हसू आलं, पण त्यांनी ते आवरलं.

नवऱ्याच्या हनुवटीचा जवळून फोटो काढून तिने हा ब्रश बनवला होता. हनुवटीवर जुना तिरका व्रण, तिथे केस येत नसत. त्यामुळे ब्रश टेकेल तिथे गवतात डाळीएवढं टक्कल पडायचं. ते तिने मुद्दाम तसंच ठेवलं होतं. रंगवून झालं की प्रत्येक टकलात ती हाताने एकेक पातं काढायची, आणि त्या पात्यानेच गवतात जीव यायचा. अकरा वर्षांच्या नोकरीत तिचं स्वतःचं म्हणावं असं एवढंच होतं.

जाहिरातीतल्या गवतालाही टक्कल होतं. प्रत्येक टकलात एकेक पातंही होतं.

"हे कुणाकुणाला माहीत आहे?" सरांनी विचारलं.

"आपल्या चष्म्याला. तो पोरगा शेजारीच बसतो, मीच शिकवलं. दुसरं कुणी नाही."

दुसरं कुणी होतं. नोकरी लागेपर्यंत धाकटी दोन वर्षं तिच्या घरी राहून, तिच्याच संगणकावर शिकली होती. पण घरचं माणूस अशा वेळी मोजायचं नसतं.

"संध्याकाळपर्यंत नीट बघ आणि सांग," सर म्हणाले. "एकदा काढला की परत बोलावणार नाही मी त्याला."

दुपारी तिने जाहिरात मोठी मोठी करत नेली. पाती बोटाएवढी झाली. शेजारी तिने आपली टेकडी ठेवली. टकलांत हाताने काढलेली तिची पाती मुळातून निघून उजवीकडे झुकायची. उजव्या हाताचं मनगट त्याच बाजूला वळतं. जाहिरातीतली झाडून सगळी डावीकडे झुकलेली होती. चित्रच उलटं केलं असेल म्हणून तिने टकलांचा तिरकेपणा पाहिला. तो सुलटाच होता.

ती जिन्यात गेली आणि तिने फोन लावला.

"ताई? आज सूर्य कुठून उगवला? भरदुपारी आठवण?"

"तुमची गवताची जाहिरात पाहिली."

पलीकडची टकटक थांबली.

"बरी झालीय ना?"

"कुणी रंगवली?"

"अगं, आम्ही चार-पाच जण असतो. एकाच्या हातचं थोडंच असतं काही." मग घाईने, "भाऊजी कसे आहेत?"

"दाढी वाढलीय त्यांची."

एरवी धाकटी हसली असती.

"ताई," ती हळू आवाजात म्हणाली, "मला इथे नुकतंच कायम केलंय गं." मग, "ठेवू?"

ताईने फोन ठेवला. जिन्याच्या कठड्यावरची धूळ तिने बोटाने पुसली, मग ते बोट ओढणीला पुसलं.

संध्याकाळी सर आले. शेजारच्या टेबलावर चष्मा ढग रंगवत होता. उजव्या हातात पेन, जिभेचं टोक दातात.

"बघितलंस नीट?"

"बघितलं."

"तोच ना?"

तिने मोठं केलेलं चित्र बंद केलं.

"दुसरं कोण असणार," ती म्हणाली.

चष्मा सरांच्या खोलीत गेला आणि चहा निवायच्या आत बाहेर आला. कॉफीचा मग, पेन, स्वेटर त्याने पिशवीत भरलं. जाताना तिच्या टेबलापाशी थांबला.

"ताई, तुम्ही तरी सांगा त्यांना. मला ते पातं अजून धड जमतसुद्धा नाही. मी काढलं की खिळा ठोकल्यासारखं दिसतं."

"जमेल," ती पडद्याकडे बघत म्हणाली.

त्याने चष्मा काढून शर्टाला पुसला. मग पिशवी उचलून गेला.

चार वर्षांची धाकटी पेन्सिल डाव्या हातात धरायची तेव्हा आई ती काढून उजव्या हातात द्यायची. आईला थांबवलं ते ताईने.